उतरायचं कुठं, ते मीच ठरवलं

उन्हात तापलेल्या ताडपत्रीचा वास आला की गेवराईतलं ताडपत्रीखालचं तिकीट-एजंटाचं दुकान आठवतं. आम्ही कायमचे कॅनडाला निघालो होतो. नोकरी कॅलगरीत, पण एजंट स्वस्तात टोरंटोला उतरवून तिथनं दुसऱ्या विमानात बसवायला बघत होता. “देश एकच हाय की, शेठ!” मी भडकलो, “तिथं कायम राहायचे कागद तपासूस्तोवर पुढचं विमान गेलं, तर बायको-लेकरं तुझ्या घरी आणू का बे?” तो हसून म्हणाला, “ऊसतोड्याच्या पोराला लई नखरे!” तशी शेजारी बसलेली आई उठली. “आमी जलमभर मुकादम उतरवंल त्या फडावर उतरलो. ह्यो त्याच्या मनानं उतरंल.” घासाघीस करून मी कॅलगरीचंच तिकीट काढलं. त्याचा तो टोमणा अजून सलतो. आता गावाकडून कुणी इकडं यायला निघालं की मी आधी विचारतो, “तुला कुठं उतरायचंय?”