आपत्ती: निरंक

जनसुनवाईचा अहवाल आम्ही जनसुनवाईच्या आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायचो. हसू नका, कामाची पद्धतच ती होती. नव्या राजधानीसाठी गावामागून गावाची जमीन घ्यायची होती, आणि त्याआधी गावकऱ्यांच्या हरकती ऐकायच्या, ती जनसुनवाई. मागच्या गावाचा कागद काढायचा, वर गावाचं नाव बदलायचं. खालची ओळ तशीच राहायची: 'आपत्ती: निरंक.' म्हणजे कोणाची काही हरकत नाही.

मी तेव्हा नवीन स्टेनो. शहरातल्या पुरानी बस्तीत राहायची, साहेबांच्या गाडीत मागे बसून गावोगाव जायची. आमच्यात बाई मी एकटीच, म्हणून गावातल्या बाया साहेबांपुढे न जाता माझ्या टेबलाशी येऊन बसत. त्या दिवशी साहेब माइकवर रुंद रस्त्यांचं सांगून राहिले होते, आणि एक बाई हळू आवाजात मला म्हणत होती, "तरिया के पार ला छोड़ देव, दीदी." तळ्याचा काठ तेवढा सोडा. तिथं तिची सहा महिन्यांची पोरगी पुरली होती. एवढ्या लहान लेकराला तिकडे जाळत नाहीत. शेताबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

मी वहीत सगळं उतरवलं. "लिख डारेव का?" तिनं विचारलं. "हव," मी म्हटलं. तेव्हा ते 'हो' खरं होतं.

परतताना साहेबांना सांगितलं, एक आपत्ती आहे. ते म्हणाले, "माइक पे बोली क्या? नहीं ना? तो फिर." तसं मला चांगलं भांडता येतं, भाजीवाल्यालाही मी सोडत नाही. पण माझी नोकरी पक्की व्हायची होती आणि तो कागद साहेबांच्याच हाती होता. घरी आई म्हणाली, "जेवून नाही राहिली, काहून?" डोकं दुखते म्हटलं. सकाळी तयार कागदावर साहेबांची सही घेतली. निरंक.

आता त्या तळ्यावरून रस्ता गेला आहे. आमची स्टाफ बस रोज तिथूनच जाते. बस तिथं आली की मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसते.

गेल्या वर्षी आमच्या मजल्यावर झाडूपोछ्याला नवी बाई आली. तीच, तळ्याच्या काठाचं सांगणारी. मी मान फिरवली, पण तिनं ओळखलंच. बरोबरीच्या बायांना म्हणाली, या दीदीनं आपलं लिहून घेतलं होतं, वरच्या लोकांनी मानलं नाही. तेव्हापासून सगळ्यांच्या आधी ती माझं टेबल पुसते. तिला वाचता येत नाही याचं मला बरं वाटायचं. असं वाटावं याची लाजही वाटायची, पण बरं वाटायचंच.

काल पोछा बाजूला ठेवून तिनं विचारलं, तो कागद अजून असेल का, दीदी? नात वाचायला शिकली आहे, तिला दाखवायचा आहे.

"हव," मी म्हटलं.