कितीवेळा मॅडम

मेश्राम मॅडमसमोर नुसतं 'चालतंय' म्हणायची सोय नव्हती. प्रोग्राम चालतोय म्हटलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "किती वेळा?" म्हणून आम्ही पोरींनी त्यांचं नाव 'कितीवेळा मॅडम' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि बहुधा आवडतही होतं.

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर शिकवायच्या. कळंबहून रोज एसटीने यायच्या. कापसाचा भाव पडलेली ती वर्षं. दर सहामाहीला वर्गातली दोन-चार बाकं रिकामी व्हायची. प्रयोगशाळेत आठ जुने संगणक होते. एकच मोठं गणित अनेक संगणकांनी वाटून घेऊन सोडवावं, यासाठी परदेशातल्या काही जणांनी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहून सर्वांसाठी खुली केली होती. पण आमच्या संगणकांवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ती चालत नव्हती. ती तिथे चालवून दाखवायची, हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प.

कोड बदलण्यात हिवाळा गेला. मग चाचणी. एकच चाचणी सलग दोनशे वेळा. मध्येच विजेची लाइन गेली की मॅडम पुन्हा एकपासून मोजायला लावायच्या. तिसऱ्यांदा सत्तरवर लाइन गेली, तेव्हा मी वैतागून वहीत 'दोनशे पूर्ण' लिहून मोकळी झाले. मॅडमनी विश्वासाने लायब्ररीच्या मूळ लेखकांना तसं कळवलंही.

चार दिवसांनी त्यांनी स्वतः चाचणी लावली. एकशे बाराव्या फेरीला आठही संगणक जागच्या जागी थिजले.

"खरं सांग, पूर्ण केल्या होत्या?"

मी रडतच नाही म्हटलं.

"रडू नको आता. कोणी आपल्या भरवशावर काम लावून बसलं असन, त्याले आधी सांगू."

माझ्यादेखत त्यांनी मेल लिहिला. 'निकाल चुकीचा होता, चूक माझी,' असं. माझं नावसुद्धा काढलं नाही.

पुढचे तीन आठवडे आम्ही शेजारी-शेजारी बसलो. डबा उघडला की अर्धी भाकर न विचारता माझ्यापुढे यायची. दोष शेवटी मॅडमनाच सापडला. दोन संगणक एकाच वेळी एकमेकांना मोठा निरोप पाठवत, आणि समोरचा तो घेईपर्यंत दोघंही अडून राहत.

"पाय बरं, दोघंही बोलूनच राह्यले. आयकते कोण?" असं म्हणून त्या खळखळून हसल्या. एकाने आधी ऐकायचं, अशी दुरुस्ती आम्ही केली. दोनशेवी फेरी पार पडली, तेव्हा मॅडमनी टेबलावर अशी थाप मारली की शिपाई धावत आला.

लेखकांनी आमचं काम स्वीकारलं. सहभागी लोकांच्या यादीत नाव मात्र माझं एकटीचं होतं. त्या नावावर मला पुण्यात नोकरी लागली. मी कळंबला फोन केला.

"मॅडम, यादीत तुमचं नाव कसं नाही?"

"मले नोकरी होती न. तुले शोधायची होती."

पुढे कधीतरी कॉलेजात गेले, तेव्हा शिपायाकडून कळलं. पुढच्या वर्षी तास मिळणार नाहीत, असं पत्र तेव्हाच मॅडमना आलं होतं. त्यांनी लेखकांना माझं नाव कळवण्याच्या आदल्याच आठवड्यात.