आईच्या नावाचा पत्ता

मी यंत्रांसाठी लिहिते. हे सांगितलं की कडेगावात कुणी नोकरीबद्दल पुढे विचारत नाही, ते मला बरंच पडतं. खरं काम असं: वेबसाइटचा जो पत्ता असतो, ज्याला डोमेन म्हणतात, तो कायमचा कुणाचाच नसतो. मुदत संपण्याआधी पैसे भरून तो पुन्हा आपल्या नावावर ठेवावा लागतो. आमच्या कंपनीने हे एआय एजंटांकडून करून घेणारं टूल बनवलं. एजंट म्हणजे मालकाच्या वतीने कामं उरकणारा प्रोग्राम. त्याने टूल कसं वापरायचं हे सांगणारी पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहीन ते तो शब्दशः पाळतो. हे भाग्य आमच्या घरात माझ्या वाट्याला कधी आलेलं नाही.

पुण्यात बसणाऱ्या माझ्या मॅनेजरने त्या पानांत एक नियम घालायला लावला: ज्या साइटवर वर्षभर कुणी फिरकलं नाही, तिची मुदत एजंटाने मालकाला न विचारता संपू द्यावी. मोठ्या ग्राहकांचे ढीगभर पत्ते पडून असतात, प्रत्येकाचं विचारत बसलं की ते वैतागतात, असं त्याचं म्हणणं. म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. पण लिहिलेलं चालतं का हे बघायला खरा पत्ता लागतो, आणि माझ्या हाताशी एकच होता. आईचा.

आई कांदा-लसूण मसाला करायची. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळायच्या, गिरणीतल्या डंकावर कुटून यायच्या, आणि पार्सलं पार बंगळुरापर्यंत जायची. साइट मी करून दिली होती आणि पत्त्यात तिचंच नाव घातलं होतं, नुसतं तिचं. आमच्या फाटकावर वडिलांची पाटी आहे, फौजेतल्या हुद्द्यासकट. ऊस वडिलांच्या आणि काकांच्या नावावर. आई गावाला कुणाची तरी आई, कुणाची तरी सून म्हणूनच ठाऊक. तिचं स्वतःचं नाव ठसठशीत लिहिलेली जागा ती एवढीच. पुढे मिरचीच्या खकाण्याने तिला दम लागायला लागला, डॉक्टरांनी मसाला बंद करायला लावला, आणि साइट तशीच पडून राहिली.

मी चाचणीच्या खात्यात एजंटाला टूल दिलं, माझी पानं दिली, आणि आईच्या पत्त्याचं काय करायचं ते बघ म्हटलं. लगेच उत्तर आलं: ऑर्डर नाहीत, भेटी नाहीत, पत्ता निष्क्रिय आहे, नूतनीकरणाची गरज नाही.

चाचणीच होती, नुकसान काही झालं नाही. तरी माझं डोकं फिरलं. आई शेजारी मेथी निवडत बसली होती. मी तिला ते वाचून दाखवलं.

"त्यानं मला इचारलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग त्यो कोण ठरवणार? मसाला म्या बंद केलाय. नाव न्हाई बंद केलं."

"पण आई, साइटवर आता विकायला काहीच नाही."

"तुज्या वडलांनी फाटकावर काय इकायला ठेवलंय? पाटी हाय न्हवं?"

 त्याच दुपारी मी नियम खोडला आणि त्या जागी लिहिलं: पत्ता सोडण्याआधी मालकाला विचारा. उत्तर आलं नाही तर सोडू नका. वापर नाही म्हणजे गरज नाही, असं समजू नका.

संध्याकाळी बदल बघून मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, तुम्ही इमोशनल होताय. हे डॉक्युमेंटेशन आहे."

"म्हणूनच भांडतेय. कविता असती तर कुणी पाळली नसती."

"प्रत्येक वेळी विचारायचंच असेल तर एजंट हवा कशाला?"

"काम करायला. ठरवायला नाही."

त्याने विषय तिथेच तोडला. मग म्हणाला, "नियम परत घाला, नाहीतर मला ही पानं दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागतील."

"द्या. पण मग पानांखालचं माझं नाव काढा. ते मात्र मला विचारायची गरज नाही, मी आत्ताच सांगतेय."

पानं गेली. नियम पुन्हा जागेवर बसला, मी मुद्दाम उघडून बघितलं. मला आता टूलची बिलं कशी वाचायची ते लिहायला दिलंय. याचं मला वाईट वाटत नाही, राग येतो. तो मी जपून ठेवलाय, पुढच्या मीटिंगला लागणार आहे. त्या मीटिंगमध्ये तो विषय मी पुन्हा काढणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही.

आईच्या पत्त्याची मुदत मात्र मी स्वतःच्या हाताने वाढवली, पत्ते विकणारी कंपनी देईल तितकी लांब. मग तिला विचारलं की साइट रिकामी बरी दिसत नाही, काय लिहू?

तिने हातातली भाजीची जुडी खाली ठेवली.

"लिही, मसाला बंद हाय." तिने स्क्रीनकडे बोट दाखवलं. "खाली माजं नाव टाक, पुरं. आन् त्याच्या खाली लिही, मी हाय."

मी एक अक्षर न बदलता तसंच टाकलं.