तीन कपाटे

फणसवाडीतील आमच्या इमारतीची मागील बाजू एका सकाळी कोसळली. पत्नी भाजी आणावयास गेली होती. मी घरात होतो. तुळई लोखंडी कपाटावर अडली आणि त्या पोकळीत मी सात तास जिवंत राहिलो. वर ढिगारा उपसताना लोखंड फरशीवर घासत होते. तो आवाज अद्याप गेलेला नाही. डॉक्टर त्याला आघातानंतरचा तणाव म्हणतात.

परळच्या नव्या घरात ते पोचा आलेले कपाट मी आणलेच. शिवाय शेजारी टाकून देत होते ती आणखी दोन. पलंग तिन्हींच्या मध्ये. छत आलेच तर अडावे, एवढाच विचार. नऊ वर्षे आम्ही त्या घरात अंग चोरून वावरलो.

गेल्या महिन्यात पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती दादरला मुलीकडे राहिली. तेथून तिचा फोन आला.

“अहो, माझा वॉकर तुमच्या कपाटांतून शिरणार आहे का? नसेल तर तसं सांगा, मी इथंच राहते. तुम्ही करा कपाटांशी संसार.”

“रविवारी ये. वॉकरची रुंदी मोजून कळव.”

मी गिरणीत फिटर होतो. अंदाजाने काम करीत नाही. तिने कळवलेल्या रुंदीएवढी लाकडी पट्टी कापली आणि ती आडवी धरून दारापासून न्हाणीपर्यंत चाललो. दोन कपाटे जाणार, हे ठरलेलेच होते. पट्टी तिसऱ्यालाही अडली, पोचा आलेल्याला. पुन्हा मोजले. तेच.

शनिवारी शिवडीहून दोन हमाल आले.

“ओढायचे नाही. उचलायचे,” मी बजावले.

“फरशी नवीन काय, काका?”

“उचलायचे.”

दोन कपाटे नीट गेली. तिसऱ्याला एकाचा हात निसटला आणि कपाटाचा पाय फरशीवर करकरला. मी पलंगाखाली होतो. केव्हा शिरलो, ठाऊक नाही. तोंडात चुन्याची चव होती. अशा वेळी समोरच्या वस्तूंची नावे घ्यावीत, असे डॉक्टरांनी शिकवले आहे. समोर पलंगाचे बोल्ट होते. कोणत्या बोल्टला कोणता पाना लागेल, ते एकेक करून मोठ्याने म्हटले. चौथ्या बोल्टला श्वास ठिकाणावर आला.

“काका, हे एक राहू द्यायचं का?” थोरला हमाल हळू म्हणाला.

मी बाहेर येऊन गुडघे झटकले.

“नाही. एक कोपरा मी धरतो.”

तिघांनी ते उचलले. आवाज झाला नाही.

रविवारी पत्नी वॉकर टेकत न्हाणीपर्यंत गेली, वळली, परत आली. फरशीवर कपाटांच्या पायांचे गंजके डाग होते.

“हे कोण घासणार?”

“मी. तू बस, चहा ठेवतो.”

“बसते कसली? वाट झालीय आता,” असे म्हणून ती ओट्याकडे निघाली.