सांगितलेले मासे

माझा भाऊ वेंडेल उन्हाळाभर कोलंबिया नदीच्या धक्क्यावर उभा राहून लोकांना एकच विचारतो, किती मिळाले? कागदगिरणी बंद झाली तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. मत्स्यखात्याची ही हंगामी नोकरी त्यानं दोन महिन्यांपुरती म्हणून धरली, तिला आता चौदा उन्हाळे झाले. गळ्यात शिंप्यासारखी टेप, खिशात चिमटा आणि छोटी पाकिटं. बोट लागली की तो मासा मोजतो, पाठीवरचे चार खवले चिमट्यानं काढून पाकिटात घालतो. त्यावरून माशाचं वय कळतं. स्वतः गळ टाकणं त्यानं केव्हाच सोडलं. "लोक म्हणतील, दिवसा मासे कुठे आहेत ते विचारून घेतो आणि संध्याकाळी स्वतः जातो," असं त्याचं म्हणणं.

यंदा जुलै संपायच्या आत नदीचं पाणी अडुसष्ट फॅरनहाइटच्या वर गेलं. हात घातला की कोमट लागायचं. समुद्रातून वर येणारे स्टीलहेड मासे असल्या पाण्यात दमतात आणि आमच्या गावाजवळ डोंगरातला गार ओढा नदीला मिळतो तिथं दाटीवाटीनं थांबतात. मग बोटीही तिथंच दाटतात. हॅचरीत, म्हणजे खात्याच्या मत्स्यपैदास केंद्रात, वाढवलेल्या माशांचा पाठीवरचा छोटा पर कापलेला असतो; ते घरी नेता येतात. पर शाबूत असलेला, म्हणजे नदीतच जन्मलेला मासा सोडून द्यावा लागतो. सोडलेल्यांपैकीही काही मरतातच असं खातं धरून चालतं, आणि त्यांचा ठरलेला आकडा भरला की नदी गळासाठी बंद.

नेलेला मासा वेंडेलला हातात धरून पाहता येतो. सोडलेला फक्त सांगितला जातो.

माझा मुलगा कोल्बी तीन वर्षं याच नदीवर गाइड आहे. शहरातल्या हौशी लोकांना आपल्या बोटीतून गळ टाकायला नेतो. नदी सप्टेंबरअखेर उघडी राहिली तर तो इथंच राहणार होता. लवकर बंद झाली तर अलास्कात खेकड्यांच्या बोटीवर जाणार, असं त्यानं मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं. त्या बोटींवर काय काय होतं ते मी वाचलेलं आहे. नको इतकं वाचलेलं आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी मी वेंडेलला सँडविच द्यायला धक्क्यावर गेले. दातांचे एक डॉक्टर बोटीतून उतरत होते.

"किती वेळ होतात, डॉक्टर?" वेंडेलनं विचारलं.

"पाच तास."

"ठेवले किती?"

"एकही नाही. पण सोडले सात. सात ना रे?"

त्यांचा जोडीदार दोर गुंडाळण्यात फारच गुंतला होता.

"पाच तासांत सात," वेंडेल म्हणाला. "रांगेत उभे होते वाटतं."

"तू लिही की. तुझ्या बापाचे मासे आहेत का?"

वेंडेलनं सात लिहिले.

पाठोपाठ कोल्बीची बोट आली. उन्हानं लाल झालेले तीन पाहुणे, बर्फाची पेटी रिकामी. मामानं विचारल्यावर कोल्बी पाहुण्यांकडे बघून हसला. "नेण्याजोगा नाही मिळाला, पण आठ सोडले. काय मंडळी?" मंडळींनी खुशीत माना डोलावल्या.

पाहुणे गेल्यावर मी त्याला गाठलं. "खरे किती?"

"दोन. आई, रिकाम्या हातानं चाललेत ते. शेजारच्या बोटीनं सात सांगितले, मी दोन म्हणू?"

"असंच सांगत राहिलात तर नदी बंद होईल."

"माझ्या सहानं काय होतंय?"

मी वेंडेलला म्हटलं, "दोन लिही."

"त्यानं आठ सांगितले. त्यानं येऊन दोन म्हणू दे, दोन लिहितो."

कोल्बी आला, खाली बघत दोन म्हणाला. वेंडेलनं खोडून दोन केले.

"आता डॉक्टरांचं काय करू, सांग," तो मला म्हणाला. "एका वर्षी एका थापाड्याचे नऊ मी माझ्या अंदाजानं तीन केले. आठवड्यानं त्याची बायको व्हिडिओ घेऊन आली. नऊच होते, मोजून. तेव्हापासून जे कानावर पडतं तेच लिहितो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच धक्क्यावर जाऊन उभी राहिले. बोट पाण्यात सोडणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, सोडलेले मासे वाढवून सांगू नका, नदी बंद पडेल. एकजण म्हणाला, "म्हणजे कमी सांगायचे, होय ना, बाई?" मी नाही म्हटलं नाही.

दुपारी बोटी परतल्या तेव्हा कुणी शून्य म्हणालं, कुणी डोळा मिचकावून एक. ओढ्याच्या मुखाशी मासे उड्या मारताना धक्क्यावरूनसुद्धा दिसत होते. वेंडेलनं पेन्सिल खिशात ठेवली.

"लोइस, काल हे आपल्या हौसेनं खोटं बोलत होते. आज तू शिकवलेलं बोलतायत. हे मला वर कळवावं लागेल."

तो चिडला नव्हता. चिडला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

त्या रविवारचे आकडे खात्यानं धरलेच नाहीत. त्याऐवजी आधीच्या आठवड्याची सरासरी लावली, डॉक्टरांच्या सातासारख्या फुगवलेल्या आकड्यांची. गुरुवारी नदी बंद झाल्याची नोटीस आली. ती फळ्यावर वेंडेलनंच लावली.

शुक्रवारी कोल्बी आमच्या स्वयंपाकघरात फोनवर बोलत होता. वेंडेल टेबलाशी कॉफी घेत बसला होता.

"समुद्र? अहो, सवयीचा आहे मला. दोन हंगाम काढलेत."

गेल्या वर्षी नदीच्या मुखाशी तो दिवसभर ओकत होता. समुद्रावरचा त्याचा तेवढा एकच दिवस.

मी वेंडेलकडे पाहिलं. तो कपाकडे बघत होता. पलीकडच्या माणसानं आणखी काही विचारलं असावं, कोल्बी हसून म्हणाला, "सोमवारी निघतो."

फोन ठेवल्यावर वेंडेलनं विचारलं, "गमबूट आहेत का तुझ्याकडे?"

"तिथं घेईन, मामा."

मी उठले आणि त्याचे लोकरीचे मोजे शोधायला लागले.