कापसाच्या खोलीतला ताप

ग्रामपंचायतीनं केलेला सत्कार परत कसा करतात, हे कोणाला ठाऊक असेल तर कृपा करून मला सांगावं. शाल धुऊन, इस्त्री करून ठेवली आहे; ती देता येईल. हार त्याच दिवशी शेळीनं खाल्ला. नारळाची घरी चटणी झाली आणि ती सर्वांत जास्त मीच खाल्ली. (चांगली झाली होती.)

सत्कार होता शौर्याबद्दल. "लसीनं आंग सुजलं, तरी न भेता दुसऱ्यांदा सुई घेनारे आपले गुरुजी!" असं आमचा सरपंच मारोती माइकवर म्हणाला. पहिल्या रांगेत माझी थोरली बहीण अक्का बसली होती. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी तिच्या चालूच होत्या. त्या वेळी मला वाटलं, बहिणीचं प्रेम! आता अक्का नाही, आणि त्या टाळ्यांचा अर्थ मला उशिरा कळला. म्हणून जे झालं ते लिहून टाकतो.

तेलंगणातल्या बाजारहत्नूरकडच्या एका लहान गावात मी आयुष्यभर मास्तरकी केली. आमच्या शाळेत टोचणीवाले आले की पोरं खिडक्यांतून उड्या मारायची. त्यांना धरून आणण्याचं काम माझं. मी पोराचं मनगट घट्ट पकडायचो आणि म्हणायचो, "मुंगी चावल्यासारखं होतं रे!" असं म्हणताना मी स्वतः भिंतीकडे पाहत असे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सुईची मला जन्मापासून भीती. एकदा एक पोरगा माझ्या मनगटाला कडकडून चावला. रक्त निघालं. पण हेडमास्तरांना कळलं तर ते टिटॅनसची सुई घ्यायला लावतील, म्हणून मी तो चावा पूर्ण बाहीच्या सदऱ्याखाली लपवून महिनाभर उन्हाळ्यात घाम गाळला. तो चावणारा पोरगा म्हणजेच आजचा सरपंच मारोती!

तर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा होता. लस आमच्या गावच्या दवाखान्यात येणार अशी बातमी आली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक ओसरी. तिथे मंडलाच्या गावाहून, म्हणजे तालुक्याहून, एक तेलुगू सिस्टर स्कूटीवर बर्फाची पेटी बांधून यायच्या. लोक घाबरले होते. सुई घेतली की माणूस मरतो, असं जो तो सांगत होता. मी बुद्धविहारासमोर उभं राहून अर्धा तास विज्ञानावर बोललो. इतकं चांगलं बोललो, की मारोतीनं तिथल्या तिथे जाहीर केलं, "मंग पयली सुई गुरुजीच घेतीन!"

मी टाळ्या वाजवणाऱ्यांना हात जोडले आणि घरची वाट धरली.

आणि या लसीची सगळ्यात जास्त वाट कोणी पाहत असेल तर ती अक्का. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून माझ्याकडेच राहायची. तिची एकुलती लेक लता पैनगंगेपल्याड दिलेली. लताचं पहिलंच बाळंतपण. ते खरं माहेरी व्हायचं, पण बंदीमुळे पोरगी सासरी अडकली. तेव्हा अक्कानंच तिकडे जायचं ठरलं. तिनं आपल्या जुन्या मऊ लुगड्यांची गोधडी शिवली होती, डिंकाचे लाडू वळून डबा बांधून ठेवला होता. फक्त लताच्या सासूनं फोनवर बजावलं होतं, "इहीनबाई, सुई घेऊन या. नाही तं नातवंडाले दुरूनच पाहा लागन."

अक्का मला रोज विचारायची, "यशवंता, कधी येते रे ते सिस्टर?"

सिस्टर यायच्या आदल्या दिवशी मी पेन्शनचं काम काढून सकाळच्या गाडीनं आदिलाबादला गेलो. गावासमोर घाबरण्यापेक्षा परक्या ठिकाणी गुपचूप टोचून घ्यावं, असा विचार होता. तिथल्या रांगेत उभाही राहिलो. हे मी माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो! माझ्यापुढे पैलवानासारखा एक गृहस्थ होता. तो आत गेला आणि आतून "अम्मा!" अशी आरोळी आली. त्यानंतर माझे पाय मला कुठे घेऊन गेले ते मला ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा मी स्टँडजवळ भजी खात होतो.

घरी आलो. अक्का दारातच.

"घेतली काय रे?"

"हाव," मी म्हणालो.

एवढंच. एका अक्षरापेक्षा थोडं जास्त खोटं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

"मंग ताप आला असन," अक्का म्हणाली आणि माझ्या कपाळाकडे हात आणला. मी मागे सरकलो. सगळ्यांना सुईनंतर ताप येतो, आणि माझं कपाळ माठासारखं गार! मी घाईघाईनं म्हणालो, "ताप हाय. लय हाय. तू हात लावू नको, मी अलग राह्यतो."

आमचं घर तीन खोल्यांचं, आणि त्यातली एक कापसानं भरलेली. भाव वाढेल म्हणून त्या साली कापूस विकलाच नव्हता. कडी आतून लागते अशी तीच एक खोली. मी आत गेलो, कडी लावली आणि कण्हायला सुरुवात केली. कण्हून कण्हून दमलो. कापसाचा ढीग समोर होता, पांढरा, मऊ. पाठ टेकली. झोप लागली.

आता आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की उन्हाळ्यात घरातल्या कापसावर झोपू नये. त्यात बारीक किडे होतात, आंगाला खाज सुटते. हे त्या पोरांना शाळेत कोणी शिकवलं? मीच!

दिवस मावळायला बाहेर आलो तो लाल पुरळानं भरलेला. गाल सुजले होते, एक डोळा बंद होता, आणि मी दोन्ही हातांनी खाजवत होतो. नेमका मारोती दारात बसलेला, गुरुजींची तब्येत पाहायला.

"बापा रे!" तो उठून उभाच राहिला. "गुरुजी, सुईनं असं केलं?"

"नाही नाही," मी म्हणालो. "हे आपलं... उष्णता."

मारोती गेला. तो चालत गेला, पण बातमी धावत गेली.

अक्का आत गेली. खोबरेल घेऊन आली आणि माझ्या हातांना चोळू लागली. माझ्या कानामागून तिनं कापसाचा एक पुंजका काढला, जरा पाहिला आणि सवयीनं बोटांत वळून त्याची वात केली. मग विचारलं, "कोनत्या हातावर टोचलं?"

"डाव्या."

ती डाव्या दंडाला तेल लावू लागली. चांगलं जोर लावून, कणीक मळावी तसं. मी डोळे मिटून म्हणालो, "आहाहा! तिथंच जरा आणखी दाब."

(ज्यांनी लस घेतली आहे, त्यांना माझी चूक कळली असेल. दुसऱ्या दिवशीसुद्धा लोक त्या दंडाला वारा लागू देत नाहीत.)

सकाळी मी अक्काला घेऊन दवाखान्यात गेलो. तोंडाला गमछा गुंडाळला होता. ओसरीतल्या बाकांवर माणसं भीत भीत का होईना, पण बसली होती. अक्कानंच आठ दिवस घरोघरी जाऊन ती गोळा केली होती. एका शिशीत दहा जणांची लस असते. शिशी उघडली की काही तासांत संपवावी लागते, उरली तर फेकावी लागते. म्हणून दहा जण जमल्याशिवाय सिस्टर शिशी उघडत नसत. अक्काला धरून बरोब्बर दहा झाले होते.

मी कडेला उभा राहिलो. सगळं सुरळीत झालं असतं. पण पाठीला खाज सुटली. सोसवेना. मी ओसरीच्या खांबाला पाठ लावून म्हशीसारखी घासू लागलो, आणि त्या घासण्यात गमछा सुटला.

बाकावरचे सगळे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"गुरुजी, हे काय व माय!" एक बाई ओरडली.

"काही नाही, कापसाची खाज आहे."

"कापूस तं आमच्याबी घरी हाय. आमचं तोंड असं काऊन नाही झालं?"

"अरे, मी कापसावर झोपलो होतो!"

"तुमी?" एक जण हसला. "तुमीच तं सांगे शाळेत, कापसावर निजू नोका म्हनून. मले छडी मारली होती त्याच्यापायी!"

मारोती पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. "आपन भेऊ नये म्हनून गुरुजी खोटं बोलून राह्यले. लय मोठ्या मनाचा मानूस हाय!"

आयुष्यात पहिल्यांदाच मी खरं बोलत होतो आणि माझ्या मोठ्या मनामुळे कोणी ते ऐकत नव्हतं! हे पुरळ लसीचं नाही हे पटवून देणारं एकच वाक्य माझ्यापाशी होतं: मी लस घेतलेलीच नाही. ते जिभेवर आलं. अक्का बाकावर बसून माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "यशवंता, अजून काई सांगाचं हाय काय तुले यायले?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

माणसं एकेक करून उठली. कोणाला बैल सोडायचे आठवले, कोणाला चुलीवर दूध ठेवल्याचं आठवलं. ओसरी रिकामी झाली. लांब बाकाच्या टोकाला एकटी अक्का राहिली. धुतलेलं लुगडं, पदर आवरून, दंडावरची बाही वर केलेली.

सिस्टर फार भल्या बाई. त्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाल्या, "पदि मंदि कावालि, अम्मा." दहा माणसं हवीत. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सार, तुम्ही?"

अक्कानंच उत्तर दिलं. "त्यानं घेतली, बाई. आदिलाबादले." हे ती सिस्टरला सांगत होती, पण पाहत माझ्याकडे होती.

मग तिनं बाही खाली केली.

अक्काला आदिलाबादला नेतो म्हणावं, तर तिथं माझं खोटं उघडं पडेल, म्हणून मी तो विषयच काढला नाही. सिस्टर पुन्हा दोनदा आल्या आणि रिकाम्या ओसरीत पेटी उघडून बंद करून गेल्या. लता बाळंत झाली. मुलगी झाली. लाडूंचा डबा दुधाच्या गाडीतून नदीपल्याड पाठवला (त्यातले दोन मी आधीच फस्त केले होते, तेही आज सांगून टाकतो). नातीला अक्कानं फोनवर पाहिलं. जावयानं फोन उलटा धरला होता, म्हणून बाळ छताला लटकल्यासारखं दिसत होतं. आम्ही हसलो. फोन ठेवल्यावर अक्का गोधडी उलगडून, घडी घालून, पुन्हा उलगडून बसली. पहिली अंघोळ घालायला ती नव्हती, बाळाला तेल लावायला नव्हती, नाव ठेवायलाही नव्हती. लुगड्याच्या त्या गोधडीकडे पाहून मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मारोतीला म्हणालो, "सिस्टर आल्या की मी सगळ्यांसमोर पुन्हा सुई घेतो."

गाव लोटला. मी खुर्चीत बसलो. मारोतीनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि प्रेमानं म्हणाला, "मुंगी चावल्यावानी होते, गुरुजी!" सिस्टर वाकून हळूच म्हणाल्या, "रेंडोदा?" दुसरी का? मी त्याहून हळू म्हणालो, "मोदटिदि." पहिली. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. गावाला कळू दिलं नाही, पण सुई जरा जोरातच टोचली असं माझं मत आहे.

पुरळ आलं नाही. लोकांनी बाह्या वर केल्या. त्या दिवशी शिश्यांवर शिश्या उघडल्या. माझ्यामागोमाग अक्कानं सुई घेतली आणि संध्याकाळीच गोधडी काखेत मारून निघाली. आणि गावात कथा झाली, की आंग सुजूनही गुरुजी डगमगले नाहीत. पुढच्या सव्वीस जानेवारीला शाल.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. विहारात तिच्या पुण्यानुमोदनाला मारोतीनं तीच कथा पुन्हा सांगितली, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं म्हणाला. मी मान खाली घालून बसलो होतो. लताची पोरगी, सांची, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला नीट निरखून तिनं खणखणीत आवाजात विचारलं, "आजोबा, ते कापसातले गुरुजी तुमीच काय?"

लतानं तिला ओढून बाजूला घेतलं. मीही मागोमाग गेलो.

"मामा, राग नोका मानू," लता म्हणाली. "हे पोरगी सुईले लय रडे. मंग आई तिले गोष्ट सांगे. एक गुरुजी होते, सुईले भेऊन कापसात जाऊन लपले, आन् त्यायले कापूसच चावला. आता तिकडं आमच्या गल्लीत कोन्या लेकराले सुई असली की तेच गोष्ट सांगतात."

म्हणजे नदीच्या पल्याडचा आख्खा गाव मला ओळखत होता!

"मंग ती इथं काऊन नाही बोलली कोनाले?" मी विचारलं.

"मी इचारलं होतं तिले," लता म्हणाली. "म्हने, तिथं सांगाचं काम त्याचं हाय. मी वाट पाहून राह्यली."

ते काम आज केलं, अक्का. तुला वाट पाहायला लावायची सवय मला आधीपासूनच होती.

शाल उद्या मारोतीकडे पोचवतो. तो रागावेल, आणि त्यानं खुशाल रागवावं, चार शब्द बोलावे. फक्त चावू नये. टिटॅनसच्या सुईची मला अजूनही भीती वाटते.