मूठभर कोंड्यावर दिलेलं पोर

म्हसळ्याच्या बाजारापासून दोन कोसांवरच्या वाडीत शकूचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिची दोन मुलं जन्मून महिना व्हायच्या आत गेली होती. स्वातंत्र्य येऊन दहा वर्षं होत आली तरी वाडीनं डॉक्टर पाहिला नव्हता. रिवाज मात्र सगळ्यांना पाठ होते. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला, तेव्हा पाचवी पुजताच त्याला सुपात घालून शेजारच्या केसरच्या ओटीत दिलं आणि तिच्याकडून मूठभर कोंडा घेतला. पोर आता केसरचं, शकू नुसती दूध पाजणारी. मरण पुन्हा आलंच तर त्याला घर सापडू नये, एवढाच त्यातला डाव. पोराचं नाव अर्थातच कोंडाजी. केसरची पाचही मुलं जगली होती, म्हणून तिचा हात चांगला मानत. मुलगे मुंबईला, मुली सासरी. घरात ती एकटीच होती.

हे नाटक वाडीतल्या निम्म्या घरांनी केलेलं. पोर चालायला लागलं की परत मागून घ्यायचं, तोवर चारचौघांत 'माझं' म्हणायचं नाही, बस. दार लोटून बायका हवे तेवढे मुके घेत. शकूनं मात्र सगळं खरंच धरलं. पाजताना ती भिंतीकडे बघायची आणि पाजून झालं की पोर केसरच्या हवाली करून भात कांडायला बसायची. नवरा भागोजी तर जवळपासही फिरकत नसे. दोघं दगड झालीत, असं वाडी म्हणे. वाडीला काय जातंय म्हणायला? दोघं भ्यालेली होती.

बायजा सुईणीच्या पडवीत रोज सकाळी बायका तान्ह्यांना तेल लावायला जमत. बायजाचा नियम विचित्र होता. आधी दुसरीचं मूल पायांवर घ्यायचं, मग आपलं, आणि तेल लावताना त्याच्याशी बोलायचं, सगळ्यांसमोर. अवसेला बैल जुंपत नाहीत, म्हणून त्या दिवशी बापांनाही हुकूम असे. पुरुष लाजत, एकमेकांना चिडवत, पण येत. त्यांना जगात बायजानंच आणलेलं, तिच्यापुढे तोंड कोण उघडणार? घरात एकटीनं बसून स्वतःचंच मूल परकं वाटायला लागलेल्या कितीतरी पोरी त्या पडवीत माणसात आल्या होत्या.

शकू केसरबरोबर यायची. दुसऱ्यांच्या पोरांना हसवत, गाणी म्हणत तेल लावायची. कोंडाजी पायांवर आला की मुकी.

"त्याला ऐकू येत न्हाय व्हय?" बायजा विचारी.

"केसरकाकीचा हाय त्यो. तीच बोलंल."

पोर सात महिन्यांचं झालं. त्या अवसेला पडवी भरली होती, भागोजीही दाराशी अंग चोरून बसला होता. शकूच्या पायांवरचा कोंडाजी कशानं तरी दचकून रडू लागला. तिनं थोपटलं, तर त्यानं अंग ताठ केलं. पदराखाली घेतलं, तर तोंड फिरवलं आणि समोरच्या केसरकडे हात पसरले. केसरनं उचलताच तो गप्प झाला.

पोर जाईल म्हणून शकू इतके महिने भीत होती, आणि ते जिवंत असूनच तिच्या हातचं गेलं होतं.

"काकी, दे त्याला. माझा हाय त्यो."

भागोजी उठून उभा राहिला. "शके, काय बोललीस ह्ये? चालाया तरी लागू दे त्याला."

"माझा हाय," ती पुन्हा म्हणाली.

केसरनं बायजाकडे पाहिलं. मग केसरनं पोर शकूच्या मांडीवर ठेवलं आणि त्यानं टाहो फोडला. शकूला बोलायचं होतं, पण काय बोलावं ते सुचेना. "कोंडू, अरं कोंडू," एवढंच ती म्हणत राहिली. पोर केसरकडेच झेपावत होतं.

"बायजे, मी हितं दिसतेय तवर त्यो न्हाय तिच्यापाशी ऱ्हायाचा," केसर म्हणाली. तिनं तेलाचे हात लुगड्याला पुसले आणि ती निघाली.

तिला वाट देऊन भागोजी आत आला, शकूच्या शेजारी बसला आणि त्यानं भीत भीत पोराच्या तळव्याला बोट लावलं. थोड्या वेळानं हुंदके देत पोरानं शकूच्या खांद्यावर मान टाकली. केसर तेव्हा पडवीसमोरच्या बांधावर होती. रडणं बंद झालं तशी ती जागीच थांबलेली शकूला दिसली. केसरनं मागे वळून पाहिलं नाही. पदर डोळ्यांना लावला आणि घराकडे न वळता ती तशीच शेताच्या वाटेनं गेली.